छतावरचा कान

सिन्योरा त्रावेर्सा ही बाई कुणाचं वाईट चिंतणारी नव्हे. ती कुत्र्याला फिरवून आणत होती, साविनो नुकताच गाडी लावून उतरत होता, म्हणून जाता जाता बोलली इतकंच. "साविनो, तुमच्या गाडीचा पट्टा आठवडाभर कोकलतोय हो. तुम्ही सकाळी गाडी काढलीत की आमचा बूबी पलंगाखाली जाऊन बसतो. दाखवा ना कुणाला तरी." साविनो म्हणाला, "हो हो, आलंय माझ्या लक्षात. नेतोच उद्या." आणि ती वळल्यावर किल्ली हातात तशीच धरून उभा राहिला. त्याच्या लक्षात काहीही आलं नव्हतं. त्याने पुन्हा बसून इंजिन चालू केलं, उतरून बॉनेट उघडलं आणि वाकला. पट्टा थरथरत होता, ते दिसत होतं. ऐकू येत होती ती इंजिनाची खालची भरीव घरघर, आणि ती अगदी हवी तशी होती, गोलसर, तब्येतीची. तिच्यावर दुसरं काहीच नव्हतं. रस्त्यापलीकडे बूबीने बूड टेकलं, तोंड आभाळाकडे केलं आणि गळा ताणला. म्हणजे तो रडत असणार. साविनोने घाईघाईने इंजिन बंद केलं. शहात्तर वर्षांचा माणूस, चोरी पकडल्यासारखा इकडेतिकडे बघू लागला. तोरिनोच्या साऱ्या लिंगोट्टो भागात ज्याच्या कानाचं नाव होतं, त्याच्यापेक्षा एका लठ्ठ कुत्र्याला जास्त ऐकू येत होतं.

घरी जावंसं वाटेना. वर तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत इनेस कपडे वाळत घालत होती. तिने खाली वाकून काहीतरी म्हटलं आणि त्याने, गेली कित्येक वर्षं करत आला होता तशी, हसून मान डोलावली. डोलावली आणि मग मनात आलं, आपण कशाला हो म्हणालो आत्ता? घरात काही हवं होतं, की काही नको होतं, की तू मूर्ख आहेस का असं विचारलं होतं तिने? "पाव घेऊन येतो," असं ओरडून तो निघाला. पाव मात्र त्याला आणायचा नव्हता. जुन्या मोटारींच्या कारखान्याच्या इमारतीत कानांचं, म्हणजे ऐकू येण्याची यंत्रं देणारं, एक दुकान होतं. रंगीत पाटीवर एक म्हातारा आणि एक नातवंड हसत होते, आणि खाली लिहिलं होतं, 'तपासणी मोफत'. त्या पाटीसमोरून तो दोन वर्षं मान ताठ ठेवून जात आला होता. मान एवढी ताठ का ठेवावी लागते, हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारला नव्हता.

आता त्याला कारखाना म्हणणारे उरलेत थोडे. आत दुकानं आहेत, सिनेमा आहे, हॉटेल आहे, पोरं सरकत्या जिन्यावर आइस्क्रीम गाळत वर जातात. जुने सोबती बारमध्ये बसून त्यावर कडू होतात. साविनो कधी कडू झाला नाही. इमारत उभी आहे ना, मग तिच्या पोटात कुणी चपला विको की चष्मे. अशी इमारत पाडायला हात धजावले नाहीत, यातच तोरिनोची माणसं जिंकली, असं तो म्हणे. छप्पन साली इटलीच्या दक्षिणेतल्या कानोसाहून आगगाडीतून उतरून तो पहिल्यांदा तिच्यासमोर उभा राहिला होता, तेव्हा त्याला तिचं दुसरं टोक दिसलंच नव्हतं. खिडक्यांमागून खिडक्या, खिडक्यांमागून खिडक्या, शेवटी त्या धुक्यात शिरायच्या. आणि आतली तऱ्हा तर साऱ्या जगाच्या उलटी. दुसरीकडे कुठेही माल वरून खाली घरंगळत येतो. इथे लोखंड तळमजल्यावर आत शिरायचं आणि मजला मजला चढत जायचं. एका मजल्यावर त्याला हाडं मिळायची, पुढच्यावर काळीज, मग रंग, मग काचा, मग गाद्या, आणि पाचव्या मजल्यावरून जी बाहेर पडायची ती गाडी थेट आभाळात. कारण छतावर रस्ता होता. गंमत नाही, खराखुरा रस्ता, दोन लांब सरळ पट्टे आणि दोन्ही टोकांना कढईच्या कडेसारखी उचललेली वळणं. खाली शहर, पलीकडे बर्फाचे डोंगर, मधे नवी कोरी गाडी आयुष्यातली पहिली चक्कर मारतेय. हे कुणा माणसाला सुचलं असेल, कागदावर काढून त्याने दुसऱ्याला दाखवलं असेल आणि दुसरा हसला नसेल, या विचाराने साविनोचा ऊर आजही भरून येई. गावाकडे त्याचा बाप ऑलिव्हच्या झाडाखाली उभा राहून वर बघायचा. मुलगा पाच मजल्यांच्या डोक्यावर उभा राहून खाली बघू लागला. एका पिढीत माणसाने याहून उंच काय चढायचं!

चढला मात्र शिव्या खात. तोरिनोत तेव्हा दक्षिणेकडचा दिसला की तो नापोली, म्हणजे नेपल्सचा, मग तो कुठला का असेना. छतावरचा म्हातारा मुकादम, ज्याला सगळे बार्बा पिनोत म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत पिनोतकाका, त्याने पहिल्या दिवशी याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काय रे नापोली, गाडीत बसलायस कधी?"

"बैलगाडीत बसलोय."

"मग बरं. बैलगाडीवाल्याला कान असतात. चल, चाल."

आणि महिनाभर त्याला गाडीला हात लावू दिला नाही. छतावर नुसता चालायला लावला. "काय ऐकलंस?" वारा. "कुठला वारा? खांबातला की तारेतला?" आगगाडी. "भरलेली की रिकामी?" पाखरं. "कुठली?" पाकोळ्या हो, वर घिरट्या घालतायत त्या. "किती वर?" साविनोला आधी वाटलं, म्हातारा चळला आहे. मग एके दिवशी चालता चालता खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बाईच्या टाचेचा एक खिळा निघालाय हे त्याला पाच मजल्यांवरून कळलं, आणि त्याला रडूच आलं. पिनोतने पाठीवर थाप मारली नाही. तो म्हणाला, "उद्यापासून बस."

छतावर प्रत्येक गाडीत दोघं बसत. एक हाकणारा आणि एक ऐकणारा. हाकणारा बदलायचा, ऐकणारा सहसा नाही. ऐकणाऱ्याने हात गुडघ्यावर ठेवायचे, डोळे मिटायचे, तोंड बंद. गाडीत कुठे काही चुकलं, कुठे पत्रा कुरकुरला, दात दाताला नीट मिळाला नाही, की एक बोट वर करायचं. तेवढ्यावर गाडी गोल उतारावरून मजले उतरत परत जायची, जिथे चुकलं तिथपर्यंत. काही चुकलं नाही तर बोट हलवायचं नाही. पिनोतचा एकच मंत्र होता, तो दिवसातून दहादा सांगे, "चांगल्याला बोट नाही, लेका. चांगल्याला गप्प राहायचं. तू गप्प राहिलास म्हणजे गाडी पास. कुठल्यातरी बापाची पोरं त्यात बसणार आहेत, तुझ्या गप्प राहण्याच्या भरवशावर." हा म्हातारा युद्धाच्या दिवसांत, छताला बॉम्बने भोकं पडली होती तेव्हासुद्धा, वर जाऊन कान लावून बसायचा म्हणत. काय ऐकायचा कोण जाणे. इमारत श्वास घेतेय का ते, असं तो सांगे आणि खो खो हसे.

इनेसही त्या बोटामुळेच भेटली. एका गाडीत मागून बारीक रडणं येत होतं. साविनोने बोट वर केलं, 'मागची गादी' असा शेरा मारला, गाडी उतरली. थोड्या वेळाने उतारावरून तीच गाडी परत वर आली आणि तिच्यामागून एक मुलगी चढत आली. बायकांनी छतावर येऊ नये असा रिवाज होता, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून रिवाजाची आठवण करून द्यायची कुणाची छाती झाली नाही. हातात अजून गादी शिवायची दाभणासारखी सुई. "माझी गादी रडते असं म्हणणारा बहिरा कोण?" पिनोतने निमूट साविनोकडे बोट दाखवलं. तिने साविनोला पुढे बसवलं, स्वतः मागे बसली आणि हाकणाऱ्याला म्हणाली, "हाक." पहिल्या वळणावर गाडी कलंडली तशी तिने एकदा बर्फाच्या डोंगरांकडे पाहिलं, एकदा खाली शहराकडे, आणि क्षणभर राग विसरली, हे साविनोने आरशात पाहिलं. मग तिने डोळे मिटले. दुसऱ्या वळणावर उघडले. "नापोली, पाय वर घे. आता खाली ठेव. पुन्हा वर घे." पहिल्या पगारातून घेतलेले त्याचे नवे बूट करकरत होते. अख्खा कारखाना आठवडाभर हसला. पिनोत म्हणाला, "हिच्याशी लग्न कर, नाहीतर मला तुझ्या जागी हिला घ्यावं लागेल."

लग्न केलं. आणि गडी घरातही तसाच वागला. जेवण चांगलं झालं की गप्प. इनेसने केस वेगळे बांधले, चांगले दिसले, की गप्प. मीठ जास्त पडलं तर बोट वर. पहिली दोन वर्षं ती चिडायची, एकदा तर पातेलं सिंकमध्ये उलटं केलं तिने. पुढे तिने ही भाषा शिकून घेतली. पाहुण्यांना सांगायची, "आमच्याकडे शांतता पसरली की समजायचं, साहेब तुडुंब खूश आहेत." तिला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण तिलाही त्या कानाचा अभिमान होता. ज्या गाड्यांच्या गाद्यांवर तिची सुई फिरली त्यांना शेवटचा होकार नवऱ्याच्या गप्प राहण्यातून मिळे. त्याच्या गप्पपणावर तिचा देवासारखा भरवसा बसला. ब्याऐंशी साली कारखाना बंद झाला त्या दिवशी साविनो छतावर चालत एक फेरी मारून आला. ती खाली फाटकाशी उभी होती. तिने विचारलं, "कसं आहे?" तो काही बोलला नाही. ती म्हणाली, "मग ठीक आहे," आणि दोघं घरी गेली.

दुकानातली मुलगी नोएमी, पंचविशीची असेल. तिने त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर जाडजूड हेडफोन चढवले, हातात एक बटण दिलं. "आवाज आला की दाबायचं, बरं का सिन्योर." त्याने मान डोलावली. दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले, डोळे मिटले, आणि इतक्या वर्षांनी त्याला एकदम बरं वाटलं. हीच इमारत. वर तेच छत. पहिला आवाज आला, खालचा, गुळगुळीत, कुठेही टोचत नव्हता. तो गेला. दुसरा आला, जरा वरचा, तोही स्वच्छ. तिसरा तर फारच देखणा. साविनो कान देऊन वाट बघत राहिला, कुठे कुरकुर येते का, कुठे सूर हलतो का. काही नाही. नंतर बराच वेळ नुसती शांतता. दार उघडलं तेव्हा तो तृप्त चेहऱ्याने बाहेर आला. नोएमीचा चेहरा पांढरा पडला होता.

"सिन्योर, तुम्ही एकदाही बटण दाबलं नाहीत."

"नाही दाबलं."

"म्हणजे... तुम्हाला माझं बोलणं तर ऐकू येतंय ना?"

"येतंय की."

"मग आतले आवाज? एकही नाही आला?"

"आले. छान होते सगळे. दाबण्यासारखं काही नव्हतं."

 मग तिला हसू फुटलं, आणि त्याने तिला का ते सांगितल्यावर हसू थांबेना. डोळे पुसत म्हणाली, "आजोबा, इथे चांगल्यालाही दाबायचं असतं हो." पुन्हा बसवलं. आता तो प्रत्येक चांगल्या आवाजाला बटण दाबू लागला, आणि दाबताना त्याला ओशाळल्यासारखं होई, परक्या बाईची तोंडावर स्तुती करावी तसं. मग आवाज वर वर गेले आणि थांबले. बटण हातात राहिलं. काचेपलीकडे नोएमीचा हात यंत्रावर फिरत होता, फिरतच होता. म्हणजे आवाज येत होते. ती ते पाठवत होती, ते त्याच्या कानाशी येऊन उभे राहत होते आणि दार न उघडल्यामुळे परत जात होते. 

"खालचे आवाज तरुणाला लाजवतील असे येतात तुम्हाला," ती नंतर म्हणाली, जरा हळुवारपणे, पण त्याच्या तोंडासमोर तोंड धरून. "वरचे गेलेत. बारीक आवाज, लहान मुलं, बायकांचं बोलणं अर्धमुर्धं, पाखरं. एकदम नाही होत हे. दहा-बारा वर्षं हळूहळू जात असणार."

"पाखरं?" साविनो म्हणाला. "पाकोळ्या येत नाहीत आता तोरिनोत. हवा खराब झाली. मी सगळ्यांना सांगतो."

"येतात की. ह्या छताखालीच तर घरटी आहेत त्यांची. उन्हाळ्यात नुसता कलकलाट असतो."

बारमध्ये त्याने किती वेळा सांगितलं होतं, पाकोळ्या गेल्या, शहर मेलं म्हणून. सोबत्यांनी माना डोलावल्या होत्या. छतावरचा कान सांगतोय म्हटल्यावर कोण कशाला वर बघतो. त्या खुर्चीत बसल्या बसल्या त्याला आयुष्यातली शेवटची दहा-बारा वर्षं उलटी दिसू लागली. ती फार सुखाची गेली होती. सगळं कसं निवांत होत गेलं होतं: दारं कुरकुरेनाशी झाली, नळ गळेनासे झाले, गाडी लोण्यासारखी चालू लागली, इनेसची कुरकुरही थांबली, म्हातारपणी ती मऊ झाली असं त्याने प्रेमाने मनाशी म्हटलं होतं. दुसरा कुणी असता तर एवढ्या शांततेला घाबरला असता. पण याला शिकवलेलंच होतं, शांत ते चांगलं. सगळं जग त्याने बसल्याजागी पास करून टाकलं होतं. बोट न हलवता. त्याला भीती वाटली. बहिरेपणाची नव्हे, काय काय आपल्यासमोरून पास होऊन निघून गेलं असेल, त्याची.

नोएमीने आठवडाभर वापरून बघायला म्हणून दोन यंत्रं दिली, वाटाण्याएवढी. ती कानात बसताच त्याच्या स्वतःच्याच कोटाची बाही खसखसली आणि तो दचकून बाजूला झाला. कागद केवढ्यांदा वाजतो! दुकानाबाहेर येऊन तो कठड्याला धरून उभा राहिला. चमचे, टाचा, पिशव्या, एक पोर हट्टाला पेटून किंचाळत होतं, आणि ते किंचाळणं इतकं धारदार, इतकं पुरं होतं की त्याने त्या पोराला मिठी मारायचंच बाकी ठेवलं. सरकत्या जिन्याच्या डाव्या बाजूला कुठेतरी तेल हवं होतं. त्याचं बोट आपोआप वर गेलं. समोरून येणाऱ्या बाईला वाटलं, हा आपल्यालाच हात करतोय. तिनेही हसून हात केला. तो गोल उतारापर्यंत गेला. तिथे वर बघितलं की छताच्या पोटाच्या सिमेंटच्या शिरा पानाच्या शिरांसारख्या फाकत वर वर गेलेल्या दिसतात, तशा त्या होत्या. वरून फटीतून वारा येत होता. खांबातला. तो चांगला पाव तास तिथे उभा राहिला असेल, आणि त्याला या इमारतीचं, पिनोतचं, गाद्या शिवणाऱ्या बायकांचं, इतकी माणसं मिळून एक वस्तू पायरी पायरीने आभाळापर्यंत नेत होती त्या सगळ्याचं इतकं प्रेम दाटून आलं की डोळे भरले. मग एकदम वाटलं, इनेसला ऐकलं पाहिजे. काय बोलते ती अलीकडे, सबंध, शेवटापर्यंत.

पाव आणायचा राहिलाच. घराच्या दाराशी ती त्याला भेटली, बाजारातून येत होती, हातात भाजीची पिशवी. तिने त्याच्या कानांकडे बघितलं. "हे काय? वाटाणे पेरलेस का कानात?"

तिचा आवाज! वर एक धार होती त्याला, चाकूच्या पात्यासारखी, उतारावरून सुई घेऊन आली होती तेव्हाचीच. तो विसरूनच गेला होता. "पुन्हा बोल," तो म्हणाला.

"मूर्खा, पाव कुठाय? सकाळी मी ओरडून सांगितलं, पाव आहे घरात, तर मान डोलावून पाव आणायला गेलास."

तो हसला, मोठ्याने हसला, आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. त्यांच्या घराला लिफ्ट नाही. ती पुढे, तो मागे, चढू लागले. तिच्या चपला, कठड्यावर घासणारी अंगठी, खिशातल्या किल्ल्या. सगळं त्याला हवं होतं. पहिल्या वळणावर त्याला आणखी काहीतरी ऐकू आलं. त्याला वाटलं, यंत्रातलं आहे. त्याने एक काढलं, पुसलं, पुन्हा बसवलं. होतंच. बारीक शीळ, लांबून आल्यासारखी, थांबायची आणि पुन्हा यायची. आणि ती तिच्या पावलांबरोबर येत नव्हती. तो थांबला तरी येत होती. इनेस दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी उभी राहिली, अंगणातल्या कुणाच्या तरी कुंड्या बघत. हल्ली ती रोजच कुंड्या बघते इथे. त्याला ते आवडायचं. म्हातारपणी तिला फुलांचा नाद लागला असं तो समजत होता. ती कुंड्यांकडे बघत होती, आणि शीळ तिच्या छातीतून येत होती, प्रत्येक श्वासाच्या शेवटी, जिथे काहीच ऐकू यायला नको होतं तिथे.

"इनेस, कधीपासून?"

"काय कधीपासून?" असं म्हणून ती वळली, आणि त्याच्या तोंडाकडे बघून मग तिने त्याच्या कानांकडे पाहिलं. कठडा धरला. 

"मागच्या हिवाळ्यापासून," ती म्हणाली. "रात्री जास्त होतं. तुझ्या कानाशीच तर वाजायचं. मी जागी राहून वाट बघायचे, हा आता विचारेल, आता विचारेल. तू काही बोलला नाहीस. मग म्हटलं, साविनो गप्प आहे ना, म्हणजे तसं काही नसेल."

त्याच्या हातातून पिशवी सुटली. बटाटे पायऱ्यांवरून उड्या मारत खाली गेले, एकेक स्पष्ट ऐकू येत. "अरे, बटाटे!" इनेस म्हणाली आणि वाकू लागली. त्याने तिला धरून पायरीवर बसवलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसला.  डॉक्टरकडे आजच जायचं होतं, आत्ता, थोड्या वेळात तो तिला उठवणारच होता. तिने काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"बोलू नकोस," साविनो म्हणाला. "नुसता श्वास घे."

तिने घेतला.

"पुन्हा," तो म्हणाला.